गृहकर्जाला विम्याचे कवच : सही करण्यापूर्वी जाणून घ्या

स्वतःचे हक्काचे घर हे मध्यमवर्गीय माणसाचे सर्वांत मोठे स्वप्न असते आणि बहुधा ते त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कर्जही असते. वीस-पंचवीस वर्षे हप्ते फेडण्याच्या बोलीवर बँक घरासाठी पैसे देते. कर्ज घेणारी व्यक्ती एवढी वर्षे हयात राहील आणि कमावती राहील, हे या बोलीत गृहीत धरलेले असते. दुर्दैवाने हे गृहीतक चुकले, तरी कर्ज माणसाबरोबर संपत नाही. ते घरावर आणि मागे राहिलेल्या कुटुंबावर तसेच राहते.

या धोक्यावरचा उपाय म्हणजे जीवन विमा. गृहकर्ज मंजूर होताना विम्याचा विषय हमखास निघतो. मात्र तो निघतो अगदी शेवटी, कागदपत्रांच्या गठ्ठ्यावर सह्या करण्याच्या घाईत. बिल्डरला धनादेश वेळेवर पोहोचावा या चिंतेत असलेला ग्राहक विम्याच्या अर्जावरही न वाचता सही करतो. आपण नेमके काय घेतले, त्याचे पैसे कोणाला मिळणार आणि ते किती वर्षे पुरणार, हे अनेकांना ठाऊक नसते. कुटुंबाला ते कळते तेव्हा विचारायला घरचा कर्ता माणूस उरलेला नसतो. त्यामुळे कर्जाच्या व्याजदराची चौकशी आपण जितक्या चिकाटीने करतो, तितक्याच चिकाटीने विम्याची चौकशी व्हावयास हवी.

कर्जदाराच्या पश्चात काय होते?

कर्जदाराच्या मृत्यूनंतर बँक प्रथम सहकर्जदाराकडे वळते. पती-पत्नींनी मिळून कर्ज घेतले असेल, तर हयात जोडीदारावर संपूर्ण कर्जाची जबाबदारी येते. 'अर्धे कर्ज माझे' असे म्हणता येत नाही. सहकर्जदार नसेल तर कायदेशीर वारसांना त्यांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंत कर्ज फेडावे लागते. तारण ठेवलेले घर ही त्यातील पहिली मालमत्ता होय.

महाराष्ट्रात सहकारी बँका आणि पतसंस्थांकडून कर्ज घेताना जामीनदार देण्याची प्रथा आहे. कार्यालयातील सहकारी, मित्र किंवा मेहुणे भिडेखातर सही करतात. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे विम्याअभावी संकट केवळ आपल्या घरापुरते राहत नाही, ते विश्वासाने सही करणाऱ्याच्या पगारापर्यंत पोहोचते.

हप्ते ९० दिवसांहून अधिक काळ थकले की कर्ज 'अनुत्पादक' ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याची आणि विक्रीची कारवाई सुरू करू शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

घराचा विमा वेगळा, कर्जदाराचा वेगळा

अनेक ग्राहकांची गफलत येथेच होते. आग, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींत इमारतीचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा हा घराचा विमा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' या नावाने त्याची प्रमाणित पॉलिसी देतात. कर्जदाराचा मृत्यू झाल्यास या पॉलिसीतून कर्ज फेडले जात नाही. त्यासाठी कर्जदाराच्या आयुष्याचा विमा लागतो. 'बँकेने विमा काढला आहे' एवढ्यावर समाधान न मानता तो या दोहोंपैकी कोणता, हे आजच आपल्या कागदपत्रांत पाहावे.

दोन मार्ग

कर्जासाठी जीवन विमा दोन प्रकारे घेता येतो. पहिला मार्ग कर्ज देणाऱ्या संस्थेमार्फत मिळणाऱ्या समूह कर्ज विम्याचा. यात मुख्य पॉलिसी बँकेच्या नावे असते आणि कर्जदार हा तिचा एक सभासद असतो. त्याला पॉलिसीऐवजी विम्याचे प्रमाणपत्र मिळते. कर्ज फिटत जाते तशी विम्याची रक्कमही ठरावीक तक्त्यानुसार दरवर्षी कमी होत जाते. हप्ता बहुधा सुरुवातीलाच एकरकमी घेतला जातो. मृत्यू झाल्यास कर्जदाराने दिलेल्या संमतीनुसार विमा कंपनी थकीत कर्जाइतकी रक्कम बँकेला देते आणि काही उरल्यास ती नामनिर्देशित व्यक्तीला मिळते.

दुसरा मार्ग स्वतःच्या नावे शुद्ध मुदत विमा, म्हणजेच टर्म प्लॅन घेण्याचा. यात विम्याची रक्कम मुदत संपेपर्यंत स्थिर राहते. हप्ता दरवर्षी भरावयाचा असतो. मुदत संपेपर्यंत विमेदार हयात राहिल्यास काहीही परत मिळत नाही, म्हणूनच कमी हप्त्यात मोठे संरक्षण मिळते. मृत्यू झाल्यास पूर्ण रक्कम कुटुंबाच्या हाती येते आणि तिचे काय करावयाचे हे कुटुंब ठरवते.

बचत आणि विमा यांची सांगड घालणाऱ्या एंडोमेंट किंवा मनी बॅक पॉलिसी या कामासाठी अपुऱ्या पडतात. त्यांच्या हप्त्याचा मोठा भाग बचतीकडे जातो. ५० लाखांच्या संरक्षणासाठी त्यांचा हप्ता भरणे, घराचे हप्ते भरणाऱ्या बहुतेक कुटुंबांना परवडणारे नसते.

घटते कवच कर्जाच्या मागे का पडते?

'कर्ज कमी होते, तर विमाही कमी झाला म्हणून काय बिघडले?' हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आकड्यांत पाहू.

समजा, एका गृहस्थांनी ५० लाख रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे ४३,३९० रुपये होतो. नियमित हप्ते भरल्यास शिल्लक कर्ज असे राहते :

५ वर्षांनंतर : सुमारे ४४ लाख रुपये
१० वर्षांनंतर : सुमारे ३५ लाख रुपये
१५ वर्षांनंतर : सुमारे २१ लाख १५ हजार रुपये

निम्मी मुदत संपली तरी मुद्दलापैकी जेमतेम १५ लाख फिटलेले असतात, कारण सुरुवातीच्या हप्त्यांचा मोठा भाग व्याजातच जातो. विमा कंपनीचा तक्ता याच गणिताने आखलेला असेल तर कवच आणि कर्ज यांचा मेळ बसतो. पण तो तक्ता कर्ज घेतेवेळच्या दराने आखलेला असतो आणि आपल्याकडील बहुतेक गृहकर्जे बदलत्या दराची असतात.

याचा अनुभव कर्जदारांनी अलीकडेच घेतला. मे २०२२ पर्यंत ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला. पुढे २०२५ मध्ये तो कमी करण्यात आला, परंतु मधल्या काळात अनेकांच्या कर्जाची मुदत काही वर्षांनी लांबली. उदाहरणार्थ, पावणेसात टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या ५० लाखांच्या कर्जाचा दर दोन वर्षांनी ९ टक्के झाला आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर उरलेली १८ वर्षांची मुदत गणिताने ३० वर्षांच्याही पुढे जाते. सातव्या वर्षाच्या अखेरीस मूळ तक्त्यानुसार ३९ लाख ४१ हजार रुपये शिल्लक असावयास हवे होते, प्रत्यक्षात मात्र सुमारे ४५ लाख ६४ हजार राहतात. म्हणजे जुन्या तक्त्यावर चालणारा विमा सव्वासहा लाखांनी तोकडा पडतो आणि कर्ज फिटण्याआधीच संपतोही.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनुसार व्याजदर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही थोडे थोडे करावे, याचा पर्याय बँकेने कर्जदाराला देणे आवश्यक आहे. मुदत वाढवून घेणाऱ्यांनी त्याच वेळी विम्याची मुदतही तपासावी.

स्थिर रकमेच्या मुदत विम्यात ही अडचण येत नाही. उलट, पहिल्या उदाहरणातील गृहस्थांचे दहा वर्षांनी निधन झाले, तर ५० लाखांतून ३५ लाखांचे कर्ज फिटून १५ लाख रुपये कुटुंबाच्या हाती राहतात.

कर्जात मिळवलेल्या हप्त्याचा हिशेब

समूह विम्याचा एकरकमी हप्ता खिशातून द्यावा लागू नये म्हणून तो कर्जातच मिळवण्याची सोय केली जाते. तेव्हा ती सोय वाटते, पण त्या रकमेवर कर्जाच्या संपूर्ण मुदतीत व्याज भरावे लागते. समजा, हप्ता २ लाख रुपये आहे आणि तो साडेआठ टक्के दराच्या २० वर्षांच्या कर्जात मिळवला. तर दरमहा सुमारे १,७३५ रुपये जादा जातात आणि २० वर्षांत एकूण ४ लाख १६ हजारांहून अधिक रक्कम भरली जाते. दोन लाखांचा विमा दुपटीहून महाग पडतो.

यात कराचाही मुद्दा आहे. वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ करण्यात आला. समूह विम्याला ही सवलत देण्यात आलेली नाही. त्यामुळे दोन्हींच्या किमतीची तुलना करताना करासह अंतिम रक्कम विचारावी.

तिसरा मुद्दा कर्ज मुदतीपूर्वी फेडण्याचा. मराठी मध्यमवर्गाला कर्ज अंगावर ठेवणे आवडत नाही. बोनस मिळाला, जुनी ठेव सुटली, गावची जमीन विकली की पहिले पैसे कर्जात भरले जातात. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्येच मनाई केली. कमी व्याजासाठी कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचे प्रमाणही मोठे आहे. अशा वेळी एकरकमी हप्ता भरलेल्या समूह विम्याचे काय होते, ते संरक्षण पुढे चालू राहते की संपते आणि संपल्यास उरलेल्या वर्षांचे किती पैसे परत मिळतात, हे प्रत्येक योजनेत वेगळे असते. स्वतःच्या मुदत विम्याला मात्र बँक बदलल्याने काही फरक पडत नाही. कर्ज फिटून विम्याची गरज उरली नाही, तर पुढचा हप्ता न भरता तो थांबवताही येतो.

विमा सक्तीचा आहे काय?

गृहकर्जासोबत जीवन विमा घेतलाच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. विशिष्ट कंपनीचाच विमा घेण्याची सक्तीही ग्राहकावर करता येत नाही. बँका विमा कंपन्यांच्या प्रतिनिधी म्हणून काम करतात आणि विक्रीवर त्यांना कमिशन मिळते, हे लक्षात घेतले म्हणजे शाखेतील आग्रहामागचे कारण समजते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँकेने कर्जदाराला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे विवरण देणे बंधनकारक आहे. बँकेमार्फत घेतलेल्या विम्याचा खर्चही त्यात दाखवावा लागतो आणि कर्जाच्या वार्षिक खर्चाच्या टक्केवारीत तो धरावा लागतो. विवरणात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीविना आकारता येत नाही. सही करण्यापूर्वी हा कागद मागून घ्यावा. विमा नको असेल किंवा आपल्याकडे आधीच पुरेसा विमा असेल, तर तसे लेखी कळवावे. केवळ तोंडी नकार पुढे सिद्ध करता येत नाही.

याचा अर्थ समूह विमा सर्वांसाठी वाईट, असा नव्हे. वय पन्नाशीच्या पुढे गेले आहे, मधुमेह किंवा हृदयविकारामुळे वैयक्तिक विमा नाकारला गेला आहे, अशांना बँकेमार्फत मिळणारे संरक्षण हाच काही वेळा उपलब्ध पर्याय असतो. अशा कर्जदारांनी तो जरूर घ्यावा. मात्र आपला आजार अर्जात स्पष्टपणे नमूद करूनच घ्यावा.

विमा किती रकमेचा?

कर्ज ५० लाखांचे म्हणून विमा ५० लाखांचा, हा हिशेब अपुरा आहे. कर्ज फिटले तरी वाण्याचे बिल, शाळेची फी, सोसायटीचा देखभाल खर्च आणि आई-वडिलांची औषधे थांबत नाहीत. कर्जमुक्त घर हाती आहे, पण ते चालवायला पैसे नाहीत, अशी स्थिती कुटुंबावर येऊ नये.

वरील उदाहरणातील गृहस्थांचे वय ३५ असून ते घरातील एकटे कमावते आहेत, असे धरू. कर्ज ५० लाख. हप्ता वगळता घरखर्च दरमहा ४५ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार. मुले कमावती होईपर्यंत १५ वर्षांचा खर्च ८१ लाख. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी २० लाख. एकूण गरज १ कोटी ५१ लाख. त्यातून आधीचा विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि ठेवी मिळून १६ लाख वजा केल्यास १ कोटी ३५ लाखांचा विमा आवश्यक ठरतो. मिळालेल्या रकमेवरील व्याज आणि महागाई यांचा साधारण मेळ बसतो, असे येथे धरले आहे. पत्नीही कमावत असेल तर ही रक्कम कमी होईल. घरात ज्येष्ठ नागरिक किंवा आजारी व्यक्ती अवलंबून असेल तर वाढेल.

नोकरीतून मिळणाऱ्या समूह विम्यावर विसंबून राहू नये. नोकरी सुटली की तोही सुटतो. भविष्यनिर्वाह निधीशी संलग्न विमा योजनेतून जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळतात, तर वार्षिक ४३६ रुपये हप्त्याच्या प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेतून २ लाख. शहरातील गृहकर्जापुढे या रकमा फारच लहान आहेत.

कर्ज लहान असेल आणि उत्पन्नाचे कागद जमवणे कठीण जात असेल, अशा छोट्या व्यावसायिकांसाठी १ जानेवारी २०२१ पासून 'सरल जीवन विमा' ही प्रमाणित मुदत विमा पॉलिसी उपलब्ध झाली. अटी सर्व कंपन्यांच्या सारख्याच असल्याने केवळ हप्त्याची तुलना करून ती निवडता येते. मात्र पहिल्या ४५ दिवसांत अपघाती मृत्यू वगळता तिचे संरक्षण मिळत नाही.

विम्याची मुदत कर्जाच्या मुदतीइतकी तरी हवीच. व्याजदरामुळे कर्ज लांबण्याची शक्यता लक्षात घेता पाच वर्षे अधिक घेणे शहाणपणाचे. निवृत्तीच्या वयापर्यंतची मुदत बहुतेकांना योग्य ठरते. हप्ता थांबण्याचे कारण मृत्यू हेच असते असे नाही, अपघाती अपंगत्व आणि गंभीर आजारही कमाई थांबवतात. त्यासाठी मूळ पॉलिसीला जोडून मिळणाऱ्या पूरक संरक्षणाचा विचार करावा. परंतु त्यापायी मूळ विम्याची रक्कम कमी करू नये.

पती-पत्नी दोघांचे कर्ज असेल तर

मुंबई-पुण्यातील घरांच्या किमती पाहता दोघांच्या उत्पन्नावर कर्ज घेणे ही आता सर्वसामान्य बाब झाली आहे. अशा वेळी विमा मात्र अनेकदा एकट्या पतीचा काढला जातो. पत्नीच्या पगाराशिवाय हप्ता भरणे शक्य नसेल, तर तिचा विमा तितकाच आवश्यक आहे. दोघांनी स्वतंत्र पॉलिसी घ्याव्यात. कर्जातील वाटा उत्पन्नाच्या प्रमाणात धरण्याची पद्धत आहे. पण संपूर्ण कर्जाची जबाबदारी हयात जोडीदारावर येते, हे पाहता परवडत असल्यास प्रत्येकाने पूर्ण कर्जाइतके संरक्षण घेणे अधिक सुरक्षित होय.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतले असेल तर धोका दुहेरी असतो. ताबा मिळेपर्यंत भाडेही भरावे लागते आणि कर्जाचे व्याजही. म्हणून विमा पहिला धनादेश निघण्यापूर्वी सुरू झालेला असावा. वैद्यकीय तपासणी व छाननीस काही आठवडे लागू शकतात, तेव्हा घर शोधतानाच विम्याचा अर्ज करणे इष्ट.

पैसे कोणाच्या हाती जाणार?

स्वतःच्या पॉलिसीत नामनिर्देशन करणे ही पहिली पायरी. २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती होऊन आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना 'लाभार्थी नामनिर्देशित' मानण्याची तरतूद झाली. तरीही वारसांमध्ये वाद होऊन प्रकरणे न्यायालयात जातात. नामनिर्देशनाशी सुसंगत इच्छापत्र केल्यास असे वाद टळतात. लग्नापूर्वी घेतलेल्या पॉलिसीत आईचे नाव असेल, तर पुढे त्यात काय बदल करावयाचा, याचा निर्णय वेळीच घ्यावा.

काही बँका पॉलिसी आपल्या नावे अभिहस्तांकित करून मागतात. २०१५ च्या दुरुस्तीनुसार कर्जापोटी केलेल्या अशा अभिहस्तांकनामुळे नामनिर्देशन रद्द होत नाही. बँकेचे जेवढे येणे आहे तेवढाच भाग बँकेला मिळतो आणि उरलेली रक्कम नामनिर्देशित व्यक्तीची राहते. कर्ज फिटल्यावर पॉलिसी पुन्हा आपल्या नावे करून घेण्यास विसरू नये.

व्यावसायिकांनी आणखी एका कायद्याची माहिती ठेवावी. विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ च्या कलम ६ खाली विवाहित पुरुषाने पत्नी किंवा मुलांच्या हितासाठी घेतलेली पॉलिसी ही त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधी मानली जाते. त्या पैशावर पतीच्या धनकोंना हक्क सांगता येत नाही. घराच्या कर्जाखेरीज धंद्याचीही देणी असलेल्या माणसाच्या कुटुंबाला हे मोठे संरक्षण आहे. मात्र हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो आणि अशी पॉलिसी नंतर कर्जापोटी बँकेकडे देता येत नाही. म्हणून कर्जासाठी एक आणि कुटुंबासाठी या कायद्याखाली दुसरी, अशा दोन पॉलिसी घेणे सोयीचे.

अर्जात खरे लिहा

विमा करार परस्पर विश्वासावर उभा असतो. प्रस्ताव अर्जातील माहिती खोटी किंवा अपुरी असेल तर दावा नाकारला जाऊ शकतो. धूम्रपान, मद्यपान, रक्तदाब, मधुमेह, झालेल्या शस्त्रक्रिया, आई-वडिलांचे आजार आणि आधीचे सर्व विमे यांची माहिती द्यावी. तंबाखू म्हणजे केवळ सिगारेट नव्हे, मशेरी आणि तंबाखू-चुनाही त्यात येतो. आधीच्या पॉलिसीची माहिती दडवणे हे दावा नाकारण्यास पुरेसे कारण असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मधील एका निकालात मानले आहे.

समूह विम्यात वैद्यकीय तपासणीऐवजी अनेकदा 'माझी प्रकृती उत्तम आहे' अशा छापील घोषणेवर सही घेतली जाते. तपासणी नाही म्हणून ग्राहक खूश होतो. परंतु मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्याने त्या घोषणेवर सही केली, तर दाव्याच्या वेळी तीच सही कुटुंबाच्या विरोधात जाते. अर्ज एजंटाने किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याने भरला असला तरी सही आपली असते. भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी.

विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला ३ वर्षे पूर्ण झाल्यानंतर कंपनीला कोणत्याही कारणावरून तिच्या वैधतेवर आक्षेप घेता येत नाही. ही तरतूद ग्राहकाच्या हिताची आहे, पण लपवाछपवीचा परवाना नव्हे. पहिल्या तीन वर्षांत कर्ज जवळजवळ पूर्णच शिल्लक असते, हे विसरू नये.

पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती वाचून, पसंत नसल्यास परत करता येते. पहिल्या १२ महिन्यांत आत्महत्या झाल्यास विम्याची पूर्ण रक्कम मिळत नाही, भरलेल्या हप्त्यांचा ठरावीक भागच परत मिळतो. वार्षिक हप्ता चुकल्यास ३० दिवसांची आणि मासिक हप्ता चुकल्यास १५ दिवसांची सवलत असते. त्यानंतर संरक्षण संपते. विम्याचा हप्ता बँक खात्यातून परस्पर वळता करण्याची सूचना देऊन ठेवणे उत्तम.

दावा आणि तक्रार

मृत्यूनंतर कुटुंबाने बँक आणि विमा कंपनी या दोहोंना लेखी कळवावे. मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज, पॉलिसी किंवा विम्याचे प्रमाणपत्र, ओळखपत्रे व बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो. चौकशीची गरज नसलेला मृत्यूदावा १५ दिवसांत आणि चौकशी आवश्यक असल्यास ४५ दिवसांत निकाली काढण्याचे बंधन विमा नियामकाने घातले आहे. दावा मंजूर होईपर्यंत कर्जाचे हप्ते आपोआप थांबत नाहीत, म्हणून शक्य असल्यास ते भरत राहावेत आणि बँकेशी लेखी संपर्क ठेवावा.

दावा फेटाळला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. समाधान न झाल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई आणि पुणे येथेही आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणे तेथे विनाशुल्क ऐकली जातात. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करणे कर्ज देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे. तिच्यामुळे विलंब झाल्यास दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते.

सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. हा विमा घराचा आहे की माझ्या आयुष्याचा?
२. विम्याची रक्कम स्थिर आहे की घटती? घटती असल्यास वर्षवार तक्ता कोठे आहे?
३. व्याजदर वाढून कर्ज लांबले तर विम्याची मुदत वाढते काय?
४. करासह एकूण हप्ता किती? तो कर्जात मिळवला तर व्याजासह किती पडेल?
५. कर्ज लवकर फेडले किंवा दुसऱ्या बँकेत नेले तर किती पैसे परत मिळतील?
६. सहकर्जदाराला संरक्षण आहे काय?
७. मृत्यूनंतर पैसे प्रथम कोणाच्या खात्यात जमा होतील?
८. माझ्या आजाराची नोंद अर्जात झाली आहे काय?

उत्तरे लेखी घ्यावीत. बँकेच्या शाखेत मिळालेले तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत विम्याच्या हप्त्यावर दीड लाखांच्या एकूण मर्यादेत वजावट मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही. पण करबचत हे या खरेदीचे कारण असूच नये. तरुण, निरोगी कर्जदाराने कर्ज मंजूर होण्यापूर्वी स्वतःच्या नावे, स्थिर रकमेचा मुदत विमा घ्यावा, हा बहुतेक कुटुंबांसाठी सरळ आणि स्वस्त मार्ग आहे. त्यासोबत आणखी एक काम करावे, ज्याला एक पैसाही लागत नाही. पॉलिसी कोठे ठेवली आहे, कंपनी कोणती आणि कर्ज किती उरले आहे, हे घरातील दुसऱ्या माणसाला बसवून सांगावे. विमा काढला होता, पण घरच्यांना तो माहीतच नव्हता, अशी वेळ कोणावरही येऊ नये.